तिसाव्या किलोमीटरला बंद पडणारी गाडी

१

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर आबा बसलेले होते, आणि सगळं बिनसलं ते तिथूनच.

पहिल्या दोन्ही वेळा सारिका एकटी होती, त्यामुळे घरी सांगायचं की नाही हे तिच्या हातात होतं. या खेपेला मात्र आबा, म्हणजे तिचे बहात्तर वर्षांचे सासरे पोपटराव, दौंडच्या वाटेवर भर उन्हात उसाच्या बांधावर घटकाभर पेरू खात बसले. ते मजेत होते. पण एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने त्यांना पाहिलं आणि ही दोघं गावी, वडगाव रासाईला, परत पोचायच्या आत बातमी घरी पोचवली.

सासूबाई, साखरबाई, दारातच उभ्या होत्या.

"कन्याकुमारी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं दौंड गाठवंना. ह्या वयात माणूस परक्या मुलखात रस्त्याकडंला बसवायचा असला, तर ती गाडी माझ्या दारात नको."

ही मोटारसायकल सारिकाने गणपतीत पुण्याहून आणली होती. जुनी, पण निगुतीने वापरलेली. पुढे काच, मागे सामानाच्या पेट्या, आणि टाकी एवढी मोठी की एकदा भरली की पेट्रोलचं नाव काढायला नको. लांब पल्ल्याची गाडी म्हणतात ती हीच. नवी सून पाहायला यावं तशी माणसं तिला पाहायला आली होती. शिरूरच्या शाळेत मुलांना खेळ शिकवणारी बाई असली गाडी घेते याचं गावाला चार दिवस नवल वाटलं आणि पाचव्या दिवशी अभिमान वाटायला लागला.

आबांना मात्र पहिल्या दिवसापासून अभिमान होता. जन्मभर झेंडू आणि शेवंती पिकवलेला हा माणूस एका सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाला होता, "कन्याकुमारीला तीन समुद्र एका जागी येत्यात म्हणं. खरं हाय का गं ते?" सारिकाने त्याच क्षणी ठरवलं. दिवाळीचा झेंडू बाजारात गेला, भाऊबीज झाली, की येणाऱ्या रविवारी निघायचं. आबा मागे, ती पुढे.

आता त्याच रविवारी सकाळी दहाला गाडी बघायला दौंडचं गिऱ्हाईक येणार होतं. दिराने, सार्थकने, ते मोठ्या तत्परतेने शोधलं होतं. नवऱ्याचं काही मत नव्हतं. तो सणसवाडीच्या कंपनीत पाळ्या करून एवढा दमायचा की घरातल्या भांडणात भाग घ्यायलाही त्याला सुट्टी लागायची.

सारिकाने शिरूरच्या ज्ञानू मिस्त्रीला फोन लावला. दुसऱ्यांदा बंद पडल्यावर गाडी दोन दिवस त्याच्याच गॅरेजात होती.

"मॅडम, गाडीत दोष न्हाई," ज्ञानू म्हणाला. "बॅटरी, प्लग, पेट्रोल, स्टँडचा स्विच, समदं बघितलं. साठ किलोमीटर एका दमात पळवली. माझ्याकडं असती तवा ठणठणीत, आन् तुमच्या घरी गेली की आठ दिवसांत आजारी. राग मानू नका, पण शेडमधी कोणतरी गाडीला हात लावतंय."

शेडला कुलूप होतं. सारिकाची सोडली तर त्याच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. साखरबाई, सार्थक आणि आबा.

२

सारिकाचं माहेर दौंडचं. लहानपणी शेजारी भिमाजीमामा राहायचे. रेल्वेची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर कुणाचा पंप, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा ट्रॅक्टर असं करत पंचक्रोशीतल्या हट्टी यंत्रांचे ते वैद्य झाले होते. त्यांचा एकच विचित्रपणा होता. मोटारसायकलवर बसायला ते घाबरायचे. दोन चाकांवर उभी राहणारी वस्तू मुळातच विश्वासाची नाही, असं त्यांचं म्हणणं.

सारिकाने बोलावल्यावर शुक्रवारी ते एसटीने शिरूरला उतरले आणि सारिकाला घेऊन चालतच ज्ञानूच्या गॅरेजात गेले.

"तीनदा बंद पडली, ते नीट सांग," वाटेत त्यांनी विचारलं. "आवाज कसा, जागा कुठली, आन् परत सुरू कशी झाली?"

"पहिल्यांदा दौंडच्या वाटेवर. दुसऱ्यांदा शिरूरकडं येताना, न्हावरा मागं पडल्यावर. तिसऱ्यांदा आबांबरोबर, परत दौंडची वाट. आधी दम लागल्यासारखी हिसके देते, मग बंद."

"घरापासून किती लांब?"

सारिकाने हिशेब केला आणि चालता चालता थांबली. "तिन्ही वेळा तीसच्या आसपास."

"न थांबता?"

"न थांबता. बंद पडली की कुणीतरी थांबतं आणि म्हणतं, पेट्रोल आहे का बघा. मी झाकण उघडते, सुस्स आवाज येतो, पेट्रोल भरपूर असतं. मग पाच मिनिटांनी गाडी आपोआप सुरू होते."

मामांनी तो सुस्स आवाज तिच्याकडून दोनदा काढून घेतला. रस्त्यातली दोन माणसं वळून बघायला लागली.

ज्ञानू मिस्त्रीचा चेहरा आधीच उतरलेला होता. गिऱ्हाईक दुसरा डॉक्टर घेऊन आलं की कुठल्याही डॉक्टरचा उतरतो.

"गाडी आली तवा पहिल्यांदा काय केलंस?" मामांनी विचारलं.

"वॉशिंग. चिखलाच्या गाडीला मी हात लावत न्हाई, मामा. प्रेशरनं धुवायची, मगच तपासायची. गॅरेजचा नियमच हाय."

"म्हंजी चोर शोधायच्या आधी तू घर झाडून काढलंस."

ज्ञानूने हातातला पाना खाली ठेवला.

"धुताना काही पडलं? नट, वायसर, काहीबी?"

ज्ञानूने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. सापडलेली प्रत्येक बारीकसारीक वस्तू त्यात टाकायची त्याला सवय होती. मामांनी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला आणि बोटाने एकेक जिन्नस बाजूला सारला. स्क्रू, तुटकी क्लिप, लहान मुलाचा पैंजण. शेवटी त्यांनी दोन वस्तू तळहातावर घेतल्या. करंगळीच्या नखाएवढी दोन काळी प्लास्टिकची बुचं.

"ही त्याच दिवशी धुण्याच्या जागेवर घावली," ज्ञानू म्हणाला. "पण ती गाडीची न्हाईत, मामा. असला पार्ट कुठल्याच गाडीला नसतो."

"व्हय," मामा म्हणाले आणि बुचं खिशात टाकली. "गाडीची न्हाईतच ती."

३

दुपारी वडगाव रासाईच्या घरात पोचल्यावर मामांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. सारिकाला याचा फार राग आला. तिचा एक दिवस हातातून चालला होता आणि हा माणूस ओसरीवर मांडी घालून चहा भुरकत होता.

"इंजिन कवा खोटं बोलत न्हाई," ते तिला हळूच म्हणाले. "माणसंबी फारशी बोलत न्हाईत. पण आपल्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच सांगत्यात. उरलेलं काढून घ्यावं लागतं."

साखरबाई स्वयंपाकघराच्या दारात तेलाचा नवा डबा फोडत होत्या. खिळा आणि दगड घेऊन सार्थक मदतीला होता.

"मला काय विचारायचं ते विचारा, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "गाडी इकावी असं मीच म्हणते. किल्ली भीमेत फेकीन असंबी म्हणाले व्हते. माझा नवरा हाय तो. बहात्तरचा. त्याला वाऱ्यावर नेत्यात आन् मी गप बसू?"

"गाडीला हात लावला का कवा?"

"मला ते कुठनं सुरू व्हतं तेबी ठाव न्हाई." मग त्या मुलाकडे वळल्या. "आरं, एकच भोक काय पाडतूस? दुसरं पाड तिकडल्या कोपऱ्याला. न्हाईतर तेल घुटघुट करत बसंल संध्याकाळपातूर."

सार्थकने दुसरं भोक पाडलं. तेलाची सरळ, सोनेरी धार भांड्यात पडायला लागली. मामा त्या धारेकडे असे बघत बसले की त्यांचा चहा निवला.

सार्थक मामांना टाळत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मामांनी त्याला गोठ्यामागे गाठलं. सारिकाही मागोमाग गेली.

"गिऱ्हाईक लवकर शोधलंस," मामा म्हणाले.

"आईनं सांगितलं म्हणून."

"मग घाम का आलाय?"

सार्थकने वहिनीकडे पाहिलं आणि सगळं ओकून टाकलं. तो गाडी चोरून नेत होता. सारिका एसटीने शाळेत गेली की शेड उघडायचं, गाडी नदीपर्यंत न्यायची, व्हिडिओ काढायचे आणि परत आणून ठेवायची. दोनदा पडलाही होता. गाडी आपल्यामुळेच बिघडली या भीतीने त्याला झोप नव्हती. ती लवकर विकली गेली तर बरं, म्हणजे कुणाला कळणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

सारिकाला त्याचा कान पिरगाळावासा वाटला. पण मामांनी वेगळंच विचारलं.

"तुझ्या हातून किती येळा बंद पडली?"

"एकदाबी न्हाई, मामा. आईशप्पथ. पण मी नदीपातूरच न्यायचो. तीन-चार किलोमीटर."

मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यामुळं न्हाई बिघडली. जा, निवांत झोप काढ."

मग राहिलं कोण, हे सारिकाच्या मनात आलं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

४

आबा रानात होते. झेंडू काढून झाला होता, पण शेवंती अजून उभी होती. सरींमधून ड्रिपच्या काळ्या नळ्या पसरल्या होत्या. पाव्हणे आले म्हणून आबांनी टोपी नीट केली आणि आधी रान दाखवलं. रान पाहिल्याशिवाय दुसरा विषय काढणं त्यांच्या लेखी उद्धटपणा होता.

"गाडीचं काय झालं असंल वो?" मग त्यांनी स्वतःच विचारलं. "मी रोज सकाळी पुसतो तिला. चेनला तेल देतो. टायरात हवा बघतो. पोरीनं नेमानं शिकीवलंय मला. तरीबी रुसती."

"जायचं लई मनात हाय का, पाव्हणं?"

आबांनी शेवंतीवरून हात फिरवला. "माझी फुलं कुठंकुठं गेली. पुण्याला गेली, मुंबईला गेली, हैदराबादला गेली. मी पुण्याच्या पुढं गेलो न्हाई. एकदा जाऊन यावं म्हणतो. पोरीनं इचारलं तवा रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई." ते हसले. "आमच्या म्हातारीला सांगू नका."

तेवढ्यात सरीच्या टोकाला एक नळी पाण्याची चूळ भरू लागली. आबा बोलता बोलता उठले, खिशात हात घालून त्यातून चुन्याची डबी, किल्ली, सुतळी असं काय काय काढलं, आणि शेवटी सापडलेल्या कशाने तरी नळीचं तोंड बंद केलं. वाकून दाबलं, अंगठ्याने खात्री केली.

"आमच्या रानात उघडी नळी दिसायची न्हाई तुम्हाला," परत येऊन ते अभिमानाने म्हणाले. "उघडी ऱ्हायली की कचरा जातो, मुंग्या जात्यात, मग फुडचं समदं पाणी बंद. लोकं म्हणत्यात पोपटरावाला येड लागलंय. पण मला दिसली की ऱ्हावत न्हाई."

मामा उठले. त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. तो जरा जास्तच खाली गेला असं सारिकाला वाटलं.

परतीच्या पाऊलवाटेवर त्यांनी एकदा मागे वळून रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सापडलं."

"कोण आहे?"

"उद्या सकाळी गाडी काढ. मी मागं बसतो."

सारिका बघतच राहिली. भिमाजीमामा मोटारसायकलवर बसणार होते. म्हणजे प्रकरण तिला वाटलं होतं त्याहून गंभीर होतं.

५

शनिवारी सकाळी मामा गाडीवर बसले ते डोळे मिटून. पहिले दहा किलोमीटर त्यांनी सारिकाचं जाकीट असं धरलं होतं की तिचा गळा आवळत होता. पंधराव्याला एक डोळा उघडला. विसाव्याला ते म्हणाले, "बरं वाटतंय की गं." पंचविसाव्याला वाऱ्यात काहीतरी गुणगुणायला लागले.

एकोणतिसाव्याला गाडीने हिसका दिला. तिसाव्याला बंद पडली.

"झाकण उघडू नगंस," मामा उतरत म्हणाले. "हिकडं ये. खाली बस."

मागच्या चाकाच्या जवळ, इंजिनाच्या खाली, दोन बारीक रबरी नळ्या लोंबत होत्या. सारिकाने त्या शंभरदा पाहिल्या होत्या, म्हणजे कधीच पाहिल्या नव्हत्या. दोन्हींच्या तोंडाला काहीतरी काळं होतं. मामांनी पहिलं ओढून काढलं, काहीच झालं नाही. दुसरं काढलं आणि नळीने लांब श्वास घेतला. सुस्स. तोच आवाज.

"बटन दाब."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"तुझ्या सासूच्या तेलाच्या डब्यासारखं हाय हे," मामा म्हणाले. "पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी टाकीत हवा यायला पायजे. ती ह्या नळीनं येती. दुसरी नळी झाकणावरचं पावसाचं पाणी सोडती. नळीच बुजवली तर टाकीत हवा न्हाई, आन् हवा न्हाई तर पेट्रोल उतरत न्हाई. तीस किलोमीटरात गाडीचा जीव गुदमरतो. तू झाकण उघडतीस, हवा जाती, गाडी उठती. सार्थक जवळच न्यायचा, आन् उभ्या गाडीत फटीफटीनं हवा मुरती, म्हणून त्याला काय झालं न्हाई. ज्ञानूनं धुतली तवा बुचं उडाली, म्हणून त्याच्याकडं ठणठणीत."

त्यांनी तळहात पुढे केला. गॅरेजातली दोन आणि ही दोन, चारही बुचं सारखी. ड्रिपच्या नळीला बसवायची.

सारिका रस्त्याच्या कडेला तशीच बसून राहिली. रोज सकाळी फडकं घेऊन वाकलेले आबा तिला दिसले. चेनला तेल, टायरात हवा, आणि खाली दोन उघड्या नळ्या. पोरीच्या गाडीच्या. दिसल्या की राहवत नाही.

"मामा, त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना कळलं की गाडी त्यांच्यामुळं बंद पडत होती, तर ते यायचेच नाहीत. आपल्यामुळं सुनेला रस्त्यावर बसावं लागलं, हे त्यांच्या मनातून जाणार नाही."

"न्हाई सांगितलं तर कुठंतरी मुक्कामाला सकाळी उठून परत बसवत्याल. खिशात मूठभर बुचं असत्यात त्यांच्या."

हे खरं होतं. सारिकाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही आलं.

"मग मीच सांगते," ती म्हणाली.

६

ओसरीवर सगळे जमले. सार्थक उभा होता, साखरबाई कमरेवर हात ठेवून होत्या. आबा नेहमीच्या जागी बसले होते. सारिका त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आबा, गाडीचं एक तुम्हाला शिकवायचं राहिलं होतं. चूक माझी आहे. खाली त्या दोन नळ्या आहेत ना, त्यातली एक गाडीचं नाक आहे. ती उघडीच ठेवायची असते."

आणि तिने बुचं त्यांच्या हातावर ठेवली.

आबांनी ती ओळखली.  त्यांनी एकेक बूच उलटून पाहिलं, चारही मोजली, आणि उठून टोपी घेऊन चालू लागले. शेडच्या मागे दिसेनासे झाले.

"बघा," साखरबाईंचे कमरेवरचे हात खाली आले. "आता ते जेवायचे न्हाईत. कशाला सांगितलं? इकून टाकली असती, कुणाला कळलं नसतं." मग त्या पुढे म्हणाल्या, "लई मनात व्हतं त्यांच्या. झोपेत हसायचे. मला काय दिसत नव्हतं का?"

सारिकाला वाटलं आपण सगळं घालवलं. पंधरा मिनिटं झाली. मामांनीही मान खाली घातली होती.

आणि आबा परत आले. त्यांच्या मुठीत आणखी तीन बुचं होती.

"हे सार्थकच्या स्कूटरचं," त्यांनी एक पायरीवर ठेवलं. "हे ट्रॅक्टरचं. आन् हे समोरच्या संपतच्या फटफटीचं. त्याची दारात उभी असती, मला तिथनं दिसती."

"आबा," सार्थक म्हणाला, "वरीसभर माझी स्कूटर चढाला मरती. मी चार येळा गॅरेजला नेली."

"व्हय रं," आबा म्हणाले. "मलाबी वाटायचं, ह्याची गाडी अशी का."

पहिल्यांदा साखरबाई हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सुटला तरी हसत राहिल्या. "माझ्या कुकरच्या शिट्टीला तेवढा हात लावू नगा," त्या कशाबशा म्हणाल्या. मग मामा, मग सार्थक, आणि शेवटी आबा स्वतः. संपत काय झालं म्हणून समोरून विचारायला आला, तर त्याला बघून सगळे पुन्हा सुरू झाले.

"मी न्हाई यायचा," हसू ओसरल्यावर आबा म्हणाले. "माझ्यामुळं पोरीला उन्हात बसावं लागलं."

साखरबाईंनी डोळे पुसले. "सार्थक, त्या गिऱ्हाइकाला फोन लाव आन् येऊ नगं म्हण." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "दशम्या करायला घेतल्यात मी. तुम्ही न्हाई गेलात तर त्या कोण खाणार? जावा गप."

रविवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर होतं. सार्थकने हेल्मेटचा पट्टा आबांच्या हनुवटीखाली बांधला. साखरबाईंनी त्यांचे खिसे तपासले आणि सापडलेली बुचं काढून घेतली. भिमाजीमामांनी परत मागे बसायला मिळेल का असं दोनदा सुचवून पाहिलं.

नदी मागे पडली, ऊस मागे पडला. सारिकाची नजर आकड्यांवरून हलत नव्हती. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तिसाव्याला तिचा हात आपोआप आवळला. गाडी चालत होती.

"थांब जरा," मागून आबा म्हणाले.

 तिने गाडी कडेला घेतली. आबा सावकाश उतरले, गुडघ्यावर हात ठेवून मागच्या चाकापाशी बसले आणि लोंबणाऱ्या नळीच्या तोंडाशी बोट धरलं. इंजिन चालू होतं. ते डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले, आजारी लेकराच्या नाकाशी बोट धरून बसतात तसे.

मग उठून त्यांनी हात झटकले आणि मागच्या सीटवर नीट बसले.

"चल," ते म्हणाले. "श्वास घेतीया."